मौनाचा दोष कोणाचा? : इंग्रजी वाक्प्रचारांतील एक भेद

संभाषणात बोलता न येणे ही एकच घटना नव्हे. तथापि या अनुभवाचे इंग्रजी वाक्प्रचार 'बोलता न येणे' अशा एका शीर्षाखाली आणले की त्यांतील मूलभूत भेद लोपतो. हा भेद अडथळ्याच्या स्थानाचा आहे.

'ऑन द टिप ऑफ माय टंग' या प्रयोगात शब्दच हाती लागत नाही. रॉजर ब्राऊन व डेव्हिड मॅक्नील यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विरळ शब्दांच्या व्याख्या ऐकविल्या होत्या. शब्द ओठांवर येऊन अडलेल्यांना पुष्कळदा त्याचा आद्य वर्ण व अक्षरसंख्या सांगता आली. 'टंग-टाइड' या प्रयोगात शब्दाचा प्रश्न नाही. लज्जेने वा भीतीने जीभच बांधली गेलेली असते. दोन्हीकडे उणीव वक्त्याच्या ठायी आहे.

'आय कुडन्ट गेट अ वर्ड इन एज्वेज' या प्रयोगाची गोष्ट निराळी. येथे शब्द तयार आहे, जीभ मोकळी आहे. वाट मात्र बंद आहे. 'एज्वेज' म्हणजे कडेच्या बाजूने. चिंचोळ्या फटीतून फळी सरळ जात नसेल, तर ती कडेवर उभी करून सरकवावी लागते; येथे तेवढीही फट उरलेली नाही. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातील पाळीव्यवस्थेचे विवेचन केले. एकाचे बोलणे पुरे होण्याच्या जागी दुसऱ्याची पाळी येऊ शकते, हे त्यातील एक सूत्र. ती जागाच न ठेवणाऱ्याविरुद्धची तक्रार या वाक्प्रचारात आहे.

मात्र तिचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. वाक्याचा कर्ता गप्प बसविला गेलेला मनुष्य आहे. गप्प बसविणाऱ्याचा उल्लेखही नाही. आरोप आहे, पण आरोपी पडद्याआड आहे. मराठीत 'तोंडातून शब्द फुटेना' असे भाषांतर केल्यास आरोपच नाहीसा होतो व दोष पीडिताच्या माथी येतो. 'त्याने मला चकार शब्द काढू दिला नाही' असे म्हटल्यास आरोप टिकतो, परंतु पडदा दूर होतो. 'मध्ये एक शब्द घालायलाही वाव मिळाला नाही' या रचनेत दोन्ही बऱ्याच अंशी साधतात.

म्हणून अशा प्रयोगांचे वर्गीकरण करताना अर्थाबरोबरच मौनाची जबाबदारी कोणाकडे जाते, हेही पाहिले पाहिजे. ते न पाहणारे भाषांतर शब्दार्थाने बरोबर असूनही न्यायाने चुकते.