आठ मैल उंचीवरचे गाणे



गेल्या महिन्यात दुबईला नातवाकडे पंधरा दिवस राहून आलो. २०२० च्या नोव्हेंबरपासून तेल अवीवहून थेट विमान सुरू झाले, म्हणून माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही एकट्याने जाता आले. एका संध्याकाळी नातू म्हणाला, "सबा, आज एकच गाणे दोन प्रकारांनी ऐकायचे. बोलायचे ते नंतर." मला बजावण्याचे कारण होते. मागे घरच्या एका मेंदीत त्याने व त्याच्या मित्रांनी माझ्या आईच्या तोंडचे मराठी लग्नगीत गिटार आणि ड्रमवर म्हटले, तेव्हा मी सर्वांदेखत "गाण्याची माती केलीत" असे म्हणून उठून गेलो होतो.

पहिले ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या 'द बर्ड्‌स' या मंडळींचे, १९६६ सालचे. नाव 'एट माइल्स हाय', म्हणजे आठ मैल उंच. १९६५ मध्ये ही मंडळी विमानाने लंडनला गेली. तो प्रवास आणि त्या शहरात वाटलेले परकेपण हा गाण्याचा विषय. नशेचे गाणे असल्याचा संशय घेऊन अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते लावणे सोडले. अशा संगीताला 'सायकेडेलिक' म्हणतात. सूर सरळ न चालता भोवऱ्यासारखे फिरतात आणि ऐकणाऱ्याचे भान हरपते.

या गाण्याचे एक मूळ आपल्या देशात आहे. दौऱ्यावर असताना ही मंडळी प्रवासात रविशंकरांची सतार आणि जॉन कोलट्रेनचा सॅक्सोफोन ऐकत. कोलट्रेन रविशंकरांना एवढा मानी की मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. त्याने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली होती. बर्ड्‌सच्या मॅकग्विनने तिच्यातला चार सुरांचा तुकडा उचलून आपल्या बारा तारांच्या गिटारवर आणला.

दुसरे ध्वनिमुद्रण १९८४ चे, मिनेसोटा राज्यातल्या 'हुस्कर डू' या तिघांच्या पंक बँडचे. पंक म्हणजे मोजके सूर, भरधाव लय आणि रागावलेला आवाज. बँडच्या नावाचा डॅनिश व नॉर्वेजियन भाषांतला अर्थ "आठवते का?" एका स्मरणशक्तीच्या खेळावरून ते घेतले आहे. गायक बॉब मोल्ड १९६० साली जन्मलेला. लहानपणी साठच्या दशकातल्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या ऐकून त्याचा कान तयार झाला.

सुरुवातीला मी कानांवर हात ठेवले. मग लक्षात आले की चाल शाबूत आहे. बर्ड्‌सच्या गाण्यात अनेक आवाज एकमेकांत मिसळतात. इथे एकटा माणूस ओरडतो. शेवटाकडे शब्द सुटतात आणि नुसती किंकाळी उरते. मूळ गाण्यातला प्रवासी विमानाच्या खिडकीतून खाली पाहतो, तर हा जणू खाली कोसळतो आहे. दोषही सांगतो. ज्याने मूळ गाणे ऐकलेले नाही त्याला इथे लंडनही कळणार नाही आणि तिथला पाऊसही नाही. हे नुकसान लहान नव्हे.

पण याला गाण्याची माती करणे म्हणता येईल काय? मला कुमार गंधर्व आठवले. साठच्या दशकात त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. नावातला 'उमजलेले' हा शब्द पाहा. पदे बालगंधर्वांची, पण गळा आणि समज कुमारांची. ज्याच्या गाण्याने आपल्याला घडवले, त्याची हुबेहूब नक्कल केली तर आपण घडलो की नाही हे कसे कळावे? मोल्डच्या किंकाळीत मला तीच निष्ठा दिसली. लहानपणी ऐकलेले गाणे त्याच्या आत वीस वर्षे राहिले आणि त्याच्याच आवाजात बाहेर आले.

आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. १९७१ साली मुंबईहून विमानाने मी लोदला उतरलो, तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. भाषा येत नव्हती, ओळखीचा चेहरा दिसत नव्हता. आपल्यापैकी कितीजण तसेच उतरले! त्या पहिल्या रात्रीबद्दल आपण चारचौघांत मोठ्याने कधी बोललो नाही. दुबईतल्या त्या खोलीत, अनोळखी माणसाच्या ओरडण्यात, मला ती रात्र ऐकू आली. बर्ड्‌सच्या गोड आवाजात ती ऐकू आली नव्हती.

नातवाने विचारले, "आता सांगा." मी म्हणालो, "मेंदीतले ते गाणे पुन्हा ऐकव. उठून जाणार नाही." त्याच्याकडे फोनवर ते होते. ऐकले. चाल बरोबर होती, पण अर्धे शब्द चुकलेले होते, आणि ते चुकणारच, कारण आम्ही ते त्याला कधी शिकवलेच नव्हते. त्या रात्री जेवणानंतर मी एकेक ओळ सांगत गेलो आणि तो मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून घेत गेला. 'ळ' कसा लिहावा यावर आम्ही बराच वेळ अडलो.