पाचवा उद्गार

उत्तम शुक्रवार, दुपारी बारा ते तीन. जालन्याच्या चर्चमध्ये पंखे गरम वारा फिरवत असतात आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण पाळीपाळीने बोलतात. पहिल्यात क्षमा आहे, दुसऱ्यात सुखलोक. चौथ्याला वक्ता हमखास अडखळतो, कारण तो थेट देवालाच विचारलेला जाब. पाचवा मात्र घाईत उरकला जातो. तहान लागली, एवढंच तर सांगायचं!

मला तोच भिडतो. निव्वळ देहाचं गाऱ्हाणं सांगणारा सातांपैकी हा एकटाच, आणि तो फक्त योहानाने नोंदवलेला. त्याच्या ग्रीकमध्ये हा उद्गार एका शब्दाचा आहे. क्रियापदाच्या पोटातच 'मी' बसलेला. आपण 'मी तहानलो' सहसा म्हणत नाही. आपल्याला तहान लागते, जशी ठेच लागते, नजर लागते. कर्तेपण तहानेकडे जातं, माणूस नुसता सोसणारा उरतो. ज्याला जगाचा कर्ता म्हणायचं, तो मराठीत उतरताना स्वतःच्या वाक्याचाही कर्ता राहत नाही. भाषांतरात काही निसटतं असं म्हणतात. इथे मला उलट मिळालंय.

याच योहानाच्या चौथ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि तिला जिवंत पाण्याचं वचन देतो. तेव्हाही सहाव्या तासाचाच सुमार होता, म्हणजे भर दुपार. पिलाताने त्याला लोकांपुढे उभं केलं तीही वेळ योहान तीच सांगतो. पाणी देऊ म्हणणाऱ्याच्या ओठांना शेवटी एजोबाच्या काडीवरून आंब लावली जाते.

एक गंमत सांगायला हवी. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्या परंपरेत लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, पाळायची रीत नव्हती. 1970 साली वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा अँग्लिकन वळणाच्या चाळीस दिवसांनाही त्यात जागा होती. आमच्या घरी या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मी चहा सोडायचो आणि त्याचा थोडा तोराही मिरवायचो.

2013च्या दुष्काळात सोडायला काही शोधावं लागलं नाही. घाणेवाडीचा तलाव आटला होता, नळ कोरडे, अंघोळीचंच पाणी पुन्हा झाडाला. त्या वर्षी उत्तम शुक्रवार 29 मार्चला आला. चौथ्या उद्गारावरचं बोलणं संपता संपता बाहेर टँकरचा भोंगा वाजला. मागच्या बाकांवरच्या तिघी-चौघी चपला हातात घेऊन निघून गेल्या. कुणी वळून पाहिलं नाही. वक्ता क्षणभर थांबला आणि मग पाचव्यावर बोलू लागला.

सहाव्याच्या सुमारास त्या परतल्या, तेव्हा त्यांचे पदर ओले होते.