कानतुटक्या कपाचे सौंदर्यशास्त्र

जालन्यासारख्या गावी एखाद्या दिवाणखान्यात फ्रेंच कादंबरीकार ह्युइसमान्स याच्या गौरवार्थ चहापान ठेवायचे झाले, तर पहिला प्रश्न कादंबरीचा नसेल, कपाचा असेल. हा प्रश्न आम्ही मुद्दाम उकरून काढलेला नाही. तो त्याच्याच कादंबरीत आहे.

'आ रबूर' (१८८४) ही ऱ्हासवादी साहित्याची पोथीच मानली जाते. तिचा नायक, सरदार घराण्यातला देझेसेंत, पॅरिस सोडून एकांतात राहतो. चीनमधून रशियाकडे काफिल्यांनी जाणारा दुर्मिळ पिवळा चहा तो अंड्याच्या कवचासारख्या पातळ कपातून पितो. याच प्रकरणात सोन्याने, रत्नांनी मढवलेले त्याचे कासव मरते. कलावादी या वर्णनावर लुब्ध असतात. आमची नजर मात्र त्या घरातल्या नोकर जोडप्याकडे जाते. त्यांची पावले ऐकू येऊ नयेत म्हणून त्यांना जाड नमद्याचे जोडे घालायला लावले आहेत. खिडकीवरून जाणाऱ्या बाईची सावली धन्याच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून तिला ख्रिस्ती जोगिणीसारखा वेष दिला आहे. सावली! पेशवाईत ज्यांच्या सावलीचाही विटाळ होई, त्यांच्या वारसांनी याला 'तरल संवेदना' म्हणावे काय?

ह्युइसमान्सवर अन्याय नको. तो स्वतः गृहखात्यात तीस वर्षे कारकुनी करणारा माणूस. झोलाच्या प्रभावाखाली त्याने १८७९ साली पुस्तकबांधणीच्या कारखान्यात राबणाऱ्या दोन बहिणींवर कादंबरी लिहिली. देझेसेंतलाही शेवटी डॉक्टरच्या हुकुमाने पॅरिसला परतावे लागते. म्हणजे या सौंदर्याचे दिवाळे लेखकाला दिसले होते. दिसत नाही ते त्याच्या भक्तांना.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) गावच्या हॉटेलातली वेगळी कपबशी आहे. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. त्यानंतरही माझ्या वडिलांनी बाजाराच्या गावी कोनाड्यातला कानतुटका कप स्वतः विसळून चहा घेतला. त्या कपाचेही वर्णन करता येते: त्याचा तडा, तळाची काळी रेघ, हात लागू नये म्हणून वरून सोडलेली धार. हीही संवेदनाच आहे. फरक एवढाच, की ती विकत घेतलेली नाही, लादलेली आहे.

म्हणून 'आ रबूर' नाकारू नका, वाचा. चहापानही खुशाल करा. फक्त कप विसळणाऱ्या बाईला त्याच सतरंजीवर बसवा, त्याच कपात चहा द्या. मग सौंदर्यावर बोला.