आळंदीची सहल आणि मराठी गद्य

गेल्या माघांतील एका रविवारीं आम्ही सहकुटुंब आळंदीस जाऊन आलों. पुण्याहून आळंदी ती दूर किती! विश्रांतवाडी मागें पडली, दिघी ओलांडली, कीं थोड्याच वेळांत इंद्रायणीचा पूल येतो. प्रवास असें भारदस्त नांव देण्यासहि संकोच वाटावा, इतकी ती वाट लहान. बरोबर आमच्या वृद्ध मातोश्री होत्या, कुटुंब होतें, आणि चार दिवस राहावयास आलेली आठ वर्षांची भाची होती. दर्शन झालें, घाटावर दशम्या खाऊन झाल्या, भाचीनें एक लहानसा टाळजोड विकत घेतला व परतीच्या वाटेवर तो वाजवून सर्वांस हैराण केलें. एवढीच काय ती सहल.

रात्रीं मातोश्री म्हणाल्या, “अरे, घरांत एवढीं पुस्तकें आहेत तुझीं. आळंदीस असें घरचें माणूस सहज जाऊन आलें, असें कोणीं लिहिलें असेल तर वाच पाहूं.” त्यांस हल्लीं अक्षर लागत नाहीं, वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे असतें. आम्हीं मोठ्या तोऱ्यानें कपाट उघडलें. तीस वर्षें मराठी व इंग्रजी गद्य वाचण्यांत घालविलेल्या माणसास ही मागणी ती काय जड! पण तासभर पुस्तकें खालींवर करून शेवटीं आम्हीं कपाट मुकाट्यानें बंद केलें. त्या रात्रींची ही नामुष्की आमच्या एकट्याच्या कपाटाची नसून मराठी गद्याचीहि थोडीफार आहे, असें आम्हांस वाटूं लागल्यामुळें हा लेख लिहीत आहों.

कपाटांत आळंदी नव्हती असें नाहीं. क्षेत्रमाहात्म्याच्या पोथ्या होत्या. त्यांत १२९६ सालच्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनीं घेतलेल्या समाधीचें वर्णन होतें. अजानवृक्ष होता, सोन्याचा पिंपळ होता, चांगदेवाच्या भेटीची भिंत होती. या ग्रंथांस आम्ही दोष देत नाहीं. भाविकाच्या मनांत स्थानाविषयीं आदर उत्पन्न करावा हा त्यांचा हेतु, व तो त्यांनीं साधला आहे. परंतु माहात्म्यांतील आळंदीस कोणास भूक लागत नाहीं, कोणाची चप्पल हरवत नाहीं, आणि कोणतेंहि मूल चुरमुऱ्यांसाठीं हट्ट धरून बसत नाहीं. तेथें प्रत्येक दगडास सामर्थ्य आहे. पण दुपारीं तो दगड पायास किती तापतो, हें सांगणारें कोणी नाहीं.

दुसऱ्या फळीवर वारीचीं पुस्तकें होतीं, आणि त्यांत दोन तर मराठी गद्याचीं भूषणें. इरावतीबाई कर्वे यांच्या ‘परिपूर्ति’ या १९४९ सालच्या संग्रहांतील ‘वाटचाल’ हा लेख आम्हीं कितीदां तरी वाचला व विद्यार्थ्यांस वाचून दाखविला आहे. एकाच दिंडींत, एकच अभंग म्हणत चालणारे ब्राह्मण व मराठे जेवावयास मात्र वेगवेगळे बसतात, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली व मनास लागली. कोण कोणाच्या पंक्तीस बसतो, हें पाहिल्यावांचून भक्तीचें वर्णन पुरें होत नाहीं, हें त्यांस कळलें होतें. पुढें दि. बा. मोकाशी १९६१ सालीं पालखीबरोबर चालले व त्यांचें ‘पालखी’ हें पुस्तक १९६४ सालीं आलें. श्रद्धेचा आव न आणतां आणि अश्रद्धेची घमेंड न मिरवितां चालणारा असा साक्षीदार विरळा. पण हीं दोन्ही पुस्तकें वारीचीं आहेत. ज्येष्ठ वद्य अष्टमीस पालखी निघते, तेव्हां लोटलेल्या लोकसागराचीं तीं चित्रें आहेत. वर्षाच्या इतर दिवशीं, कोणताहि सण नसतांना, एखादें कुटुंब डबा घेऊन आळंदीस येतें, घटकाभर घाटावर बसतें आणि दिवेलागणीपूर्वीं घरीं परततें. त्या कुटुंबाचें काय?

या प्रश्नाचें उत्तर प्रवासवर्णनांनीं द्यावयाचें. परंतु मराठी प्रवासवर्णन लांबच्या वाटेचें शौकीन आहे. अनंत काणेकरांचें ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ १९४० सालीं आपल्यास रशियापर्यंत घेऊन गेलें, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’नें १९६० सालीं विलायत मध्यमवर्गाच्या माजघरांत आणून बसविली. पुस्तकें दोन्ही चांगलीं. आमचा आक्षेप पुस्तकांस नाहीं, त्यांच्या मागून आलेल्या समजुतीस आहे. जेथें वाचकास जातां येणार नाहीं तेंच लिहिण्यासारखें, व जेथें तो गेल्या रविवारीं जाऊन आला तें लिहिण्यासारखें नाहीं, अशी ती समजूत. वाङ्मयाची योग्यता मैलांवर मोजण्याचाच हा प्रकार नव्हे काय? वास्तविक वाचकास परिचित असलेलें स्थळ लिहिणें हेंच अधिक कठीण. लंडनविषयीं चार चुका केल्या तर पचतात. घाटाच्या पायऱ्यांविषयीं एक चूक झाली तर वाचक तत्काळ पुस्तक मिटतो.

लांबचा प्रवास करूनहि बारकाव्यांशीं इमान राखणारा एक पुरुष आपल्याकडे होऊन गेला, तो म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें ते १८५७ सालीं उत्तरेस गेले व बंडाच्या धामधुमींत सांपडले. १८८३ सालीं त्यांनीं ती हकीकत लिहिली. १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं ‘माझा प्रवास’ या नांवानें ती छापविली. तींत झांशीचा रणसंग्राम आहे म्हणून इतिहासकार ती वाचतात. आम्हांस ती आवडते ती निराळ्या कारणासाठीं. पदरीं काय पडलें, तें कसें लुटलें गेलें, पोटास कोठें मिळालें व कोठें मिळालें नाहीं, हें सांगण्यास त्या भिक्षुकास लाज वाटत नाहीं. आणि शेवटीं आईबापांसाठीं गंगेची कावड घेऊन तो घरची वाट धरतो, तेव्हां त्या पाण्याचें मोल आपल्यास कळतें. कारण वाटेंतला एक एक चटका त्यानें आपल्यापासून लपविलेला नसतो.

राहिला लघुनिबंध. १९२६ च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकांतून ना. सी. फडके गुजगोष्टी लिहूं लागले. खांडेकर, काणेकर प्रभृतींनीं ती वाट रुंद केली. लहान सुखें हें तर या वाङ्मयप्रकाराचें वतन. त्यानें आपल्या गद्याची इस्तरी मोडली व त्यास घरच्या कपड्यांत वावरावयास शिकविलें, हे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु या प्रकारांत एक खोड लवकरच शिरली. विषय निमित्तास उरला व लेखकाची लहर मुख्य झाली. सहलीस निघालेला लघुनिबंधकार पहिल्या वळणावरच सहल सोडतो व स्वतःच्या स्वभावाविषयीं बोलूं लागतो. आळंदी येईपर्यंत आपल्यास त्याच्या सर्व आवडीनिवडी कळतात, आळंदी मात्र कळत नाहीं. ज्या सुखांत दुसऱ्या माणसास जागा नाहीं, तें सुख लहान नव्हे, कोतें होय.

आणि जें या तीन वाटांनीं साधलें नाहीं, तें शाळेंतील निबंधानें पुरतें बिघडविलें. ‘आमची सहल’ या विषयावर लिहावयास सांगा. शेंकडा नव्वद मुलांचा सूर्य एकाच शब्दांत उगवतो, पक्षी एकाच सुरांत किलबिलतात, आणि सर्वजण थकूनभागून परंतु आनंदानें घरीं परततात. वाटेंत कोणास मळमळलें, कोणाचें भांडण झालें, डब्यांतली चटणी दप्तरांत सांडली, हें लिहिलें तर गुण जातात. परीक्षक म्हणून असे गुण कमी करण्याचें पाप आमच्याहि हातून झालें आहे, हें कबूल करतों. खरें सुख आठवून लिहिण्यापेक्षां ठरीव आनंद उतरवून काढणें सुरक्षित, हा धडा आम्ही मुलांस लहानपणींच देतों, आणि मग मराठींत जिवंत गद्य कां निपजत नाहीं म्हणून परिसंवाद भरवितों.

याहून आश्चर्य असें कीं, हें सारें ज्ञानेश्वरांच्या गांवाविषयीं घडावें. ज्ञानेश्वरीएवढा घरगुती ग्रंथ मराठींत दुसरा कोणता आहे? गीतेसारखा गहन विषय. पण तो समजावून देण्यासाठीं कवि जातो कोठें, तर माजघरांत. नवव्या अध्यायांत श्रोत्यांची क्षमा मागतांना, बापाच्या ताटाशीं बसून बापासच घांस भरवूं लागलेलें मूल त्यास आठवतें, आणि बाप कौतुकानें तोंड पुढें करतो, हेंहि तो सांगतो. पहिल्याच अध्यायांत कोरडें लांकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या पाकळींत अडकतो. सातशें वर्षांपूर्वीं ज्या पुरुषानें मोठ्यांतल्या मोठ्या अर्थासाठीं ताटांतला घांस पुरेसा मानला, त्याच्या समाधीस जाऊन आलेले आम्ही मात्र घरीं येऊन ‘रम्य’, ‘प्रसन्न’ व ‘पवित्र’ हे तीन शब्द लिहितों, आणि आमच्या घांसाविषयीं अक्षर काढीत नाहीं!

यावर कोणी म्हणेल, जगांत एवढीं दुःखें असतांना दशम्यांची व टाळांची हकीकत कशास हवी? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचें उत्तर आम्हांस कोणत्याहि पुस्तकानें न देतां इंद्रायणीनें दिलें. लोणावळ्याच्या परिसरांत उगम पावून, देहूवरून आळंदीस येऊन, पुढें तुळापुरास भीमेस मिळणारी ही नदी. गेल्या कांहीं वर्षांत तिच्या पात्रावर वारंवार पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात; एरवीं जलपर्णीचा हिरवा गालिचा पाणी झांकून टाकतो. वस्त्यांचें सांडपाणी व कारखान्यांचें मैलें पाणी नदींत येतें, हें आतां गुपित राहिलेलें नाहीं. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; पिंपरी-चिंचवडची १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली; मागून चाकणच्या माळावर कारखाने उभे राहिले. त्यांवर तोंडसुख घेण्याचा आमचा अधिकार नाहीं. ज्या मोटारींत बसून आम्ही आळंदीस गेलों, ती अशाच कारखान्यांची देणगी होय.

त्या रविवारीं मातोश्री घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत सांवकाश उतरल्या. ओंजळ भरून पाणी डोळ्यांस लावावें, ही त्यांची जुनी संवय. त्यांस दिसलें कमी, पण वास आला. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, मग वळून भाचीस म्हणाल्या, “बाळ, ती विकतची बाटली आण बरें इकडे.” बाटलींतील पाण्याचे चार थेंब त्यांनीं डोळ्यांस लावले व नदीस नमस्कार करून त्या वर आल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं.

नदींतील प्राणवायु किती उणा झाला, हें मोजण्यास शास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांचें काम त्यांनीं चोख करावें. परंतु त्या ओंजळींतून काय गेलें, याचें मोजमाप कोणत्या यंत्रानें करावें? तें गद्यानेंच करावयाचें होतें, आणि गद्यानें तें वेळेवर केलें नाहीं. घाटावरच्या अर्ध्या तासाचें सुख आमच्या पूर्वसूरींस लिहिण्यासारखें वाटलें नाहीं; म्हणून तें नाहींसें झालें तेव्हां त्याची फिर्याद मांडावयास आमच्या हातीं कागदाचा कपटाहि नाहीं. जें सुख लिहिलें गेलें नाहीं, त्याचा नाश झाला हें सिद्ध करणेंहि अशक्य होतें. लहान सुखांचें वाङ्मय हा रिकामपणचा विलास नव्हे. ती समाजाची हिशेबाची वही आहे, आणि आमची वही कोरी आहे.

त्या रात्रीं कपाट बंद केल्यावर आम्हीं मातोश्रींस म्हटलें, “पुस्तक नाहीं सांपडत. तुम्हीच सांगा, ही लिहून घेईल.” त्या सांगूं लागल्या आणि भाची वहींत लिहूं लागली. लग्नापूर्वीं वडिलांबरोबर त्या आळंदीस जात. वडील अजानवृक्षाखालीं पारायणास बसत, व आई आणि मुली घाटावर. जेवण झालें कीं पितळेची लोटी नदींतल्या वाळूनें घासावयाची, तींत पाणी भरावयाचें, आणि तें घरीं न्यावयाचें. वाटेंत धाकटी बहीण तेंच पिऊन टाकी, म्हणून तिला बोलणीं बसत. येथें भाचीची पेन्सिल थांबली. तिनें विचारलें, “आजी, नदींतलं पाणी ती पीत असे?”

मातोश्री म्हणाल्या, “हो. तेंच तर सांगतें आहें. लिही.”

भाचीचें शुद्धलेखन बेताचें आहे, व त्या मजकुरांत सूर्य उगवत नाहीं. शाळेंत त्यास गुण किती मिळतील सांगवत नाहीं. आम्हीं मात्र ती वही गोडसेभटजींच्या शेजारीं ठेविली आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं सांगणारीं माणसें अद्याप आहेत, त्यांनीं फार दिवस थांबूं नये, एवढीच आमची विनंति.