अंकाच्या घड्या कोण घालतं?

बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'आम्हीही इतिहास घडवला' सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पानं मात्र शाबूत. ४० रुपयांत आणलं. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. झोपेचे दोन दिवस मोडून वाचून काढलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं, आणि आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा इतिहास १९८९ मध्ये छापून आणला. त्यात आपलं नागपूर जागोजाग आहे. ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी पुढं मुलींची शाळा काढतात. १९४२ ची महिला परिषद आहे, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर २५ हजार बाया.

या पुस्तकावर जाणत्यांनी लिहिलं आहे. मला बोलायचं आहे ते प्रकाशकाच्या नावावर. तिथं छापलंय : स्त्री उवाच.

हा मुंबईतल्या स्त्रीवादी बायांचा गट. वरती शेठ नाही, खाली नोकर नाही. आपापली कामं सांभाळून वार्षिक अंक काढायचा, पुस्तकं काढायची. त्याच्या आधी १९७७ मध्ये 'बायजा' निघालं होतं. १९८९ च्या ऑगस्टात पुण्याला विद्या बाळांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं, ते अजून चालू आहे. विद्याताई आधी 'स्त्री'च्या संपादक. 'स्त्री' १९३० पासूनचं, पण ते किर्लोस्करांचं. मासिक बायांसाठी असणं आणि मासिक बायांचं असणं, या दोन गोष्टी निराळ्या. दुसऱ्याच्या छापखान्यात आपलं तोंड कुठवर उघडायचं ते दुसराच ठरवतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण दोस्तहो, फुकट राबायलाही सवड लागते. पहाटे चारला चूल पेटवून बांधकामावर विटा उचलायला जाणारी बाई संध्याकाळच्या बैठकीला कशी येणार? म्हणून या मासिकांत लिहिणाऱ्या, प्रुफं पाहणाऱ्या, बहुतेक शिकलेल्या, मध्यमवर्गी, सवर्ण घरच्या राहिल्या. आपली बाई तिथं आली ती अत्याचाराची बातमी म्हणून. संपादक म्हणून क्वचितच. हा आरोप आपल्या बायांनीच केला, आणि तो खरा आहे.

एवढ्यावरच लेख संपवला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मग मी लबाड ठरलो असतो. कारण आपल्या आयांचा हा इतिहास पहिल्यांदा छापला तो याच बायांनी. तेव्हा आपण काय करत होतो? आपल्याकडे अनियतकालिकं कमी नव्हती. विद्रोह होता, कविता होत्या. बापावर, मायवर ढीगभर लिहिलं. माय कवितेत आली, संपादक मंडळात आली नाही.

वसंत मून वस्तीत सगळ्यांना ठाऊक. असायलाच पाहिजेत. मीनाक्षीताईंनी 'आम्ही मैत्रिणी' हे मासिक चालवलं, हे किती जणांना ठाऊक आहे? मी दहा जणांना विचारलं. एकाला माहीत होतं. किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० मध्ये स्वतःचा छापखाना उभा केला, हे आपण भाषणात सांगतो. १९३१ मध्ये 'चोखामेळा' निघालं, तेव्हा त्या कामात तुळसाबाई बनसोडे होत्या, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. टिळा बापाला, पाट्या मायनं उचललेल्या.

बाबासाहेबांनी असं केलं नाही. 'बहिष्कृत भारत'मधला १९२८ चा एक अग्रलेख काढून वाचा. अंकाचे २४-२४ रकाने एकट्यानं लिहावे लागले, मोबदला नाही, हे ते सांगतात. तिथंच थांबत नाहीत. आपण परदेशी असताना जिनं प्रपंच ओढला, परतल्यावर डोक्यावरून शेण वाहिलं, त्या आपल्या बायकोचं देणंही त्याच लेखात मांडतात. पत्र कोणाच्या घामावर चालतं याचा हिशेब पत्रातच दिला. आपण त्यांची भाषा घेतली, हा हिशेब घेतला नाही.

आता स्वतःचं सांगतो. आपला हा अंक सायक्लोस्टाईलवर निघतो. मागच्या खेपेला आमच्या खोलीत माझ्या धाकट्या बहिणीनं पानं लावली, घड्या घातल्या, टाचण्या मारल्या, पत्ते लिहिले. दोन रात्री. आम्ही पोरं चहा पीत मार्क्स की बुद्ध यावर भांडत होतो. अंक हातात आल्यावर ती म्हणाली, "दादा, पयल्या पानावर पाच नावं हाये. घड्या कोनं घातल्या थे लिवलं नाई काहून?"

मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या बापजाद्यांनी गावात वेठ वाहिली. काम त्यांचं, नाव गावाचं, हातात शिळी भाकर. आपण स्वखुशीनं अंक काढतो त्याला स्वयंसेवा म्हणतो. पण राबणाऱ्या हाताचं नाव पुसलं की तीच वेठ झाली. मग ती पाटलाच्या वाड्यात असो की क्रांतिकारी अंकाच्या खोलीत.

म्हणून माझं म्हणणं आहे. एक, पुढच्या अंकापासून घड्या घालणारीचं नाव संपादकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात टाका. दोन, जमाखर्च छापा. तीन, 'महिला विशेषांक' काढून उपकार करू नका. एक सबंध अंक बायांच्या हाती द्या. त्या वेळी पत्ते आम्ही लिहू, चहाही आम्हीच करू.

आणि कोणाच्या घरी पेटीत 'आम्ही मैत्रिणी'चा, 'बायजा'चा जुना अंक असेल तर रद्दीत घालू नका. आणून द्या. माझ्या बहिणीला वाचायचा आहे. तिच्यानंतर मलाही.