ओळीच्या पोटातले यमक

रॅपचा अनुवाद करताना मराठीत पहिला मोह पडतो तो यमकाचा. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते; ‘गेला’ म्हटले की ‘आला’, ‘केला’, ‘मेला’ दारात हजर. हिंदी, बांगला किंवा तमिळमधल्या अनुवादकालाही हा मोह ओळखीचा असेल. राकिमच्या ‘पेड इन फुल’ (१९८७) या अल्बममधल्या गीतांचा माझा पहिला खर्डा अशाच जुळत्या शेवटांनी भरला होता. वाचायला ठसकेबाज, आणि साफ चुकलेला.

राकिम न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडचा, जन्म १९६८चा. डीजे एरिक बी.बरोबर त्याचे पहिले गाणे १९८६मध्ये आले, तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता. त्याआधीच्या रॅपमध्ये, उदाहरणार्थ रन-डीएमसीच्या गाण्यांत, ओळ बहुधा तालाबरोबर संपते, शेवटच्या ठोक्यावर यमक आदळते आणि आवाज चढा असतो. गर्दीपुढे ते चोख काम करते. राकिमने आवाज बोलण्याच्या पट्टीवर आणला आणि यमक ओळीच्या पोटात पेरले. एकाच ओळीत दोन-तीन यमके येतात. कधी दोन छोटे शब्द मिळून एका लांब शब्दाशी जुळतात. वाक्य मात्र ओळ ओलांडून पुढे जाते. तो लहानपणी सॅक्सोफोन वाजवत असे, जॉन कोल्ट्रेनचा प्रभावही त्याने सांगितला आहे. श्वास कुठे घ्यायचा हे वाक्याने ठरवावे, हा धडा तिथलाच असावा.

या गीतांचा विषय अरुंद आहे, हे मान्य करायला हवे. बरीचशी गीते ‘माझ्यासारखा रचनाकार नाही’ एवढेच सांगतात. मी त्याला निव्वळ बढाई समजले आणि अनुवादात आवाज चढवला. चूक तिथे झाली. राकिमचा दावा ज्या वाक्यात असतो, त्याच वाक्याच्या बांधणीत त्याचा पुरावाही असतो. बांधणी मोडली की उरते ती पोकळ फुशारकी.

दुसऱ्या खर्ड्यात ओवी मदतीला आली. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते. चौथा आखूड आणि मोकळा. यमक आधी उरकून शेवट मोकळा सोडण्याची सवय मराठीला सातशे वर्षांची आहे. पण ओवी चरणागणिक विसावते, राकिम विसावत नाही. म्हणून कुठे क्रियापद वाक्याच्या मध्यावर ओढले, कुठे ‘करून’, ‘करता करता’ अशा रूपांवर वाक्य लांबवले. मूळची निम्मी यमके गेली. उरली ती मात्र आपापल्या जागी वाजतात.

मोठ्याने वाचताना अजून दोन ठिकाणी माझा श्वास भलत्या जागी तुटतो. तोवर खर्डा टेबलावरच राहील.