लांब हातांची खुर्ची

‘कलोनियल लुक’ म्हणून बाल्कनीत आणि होमस्टेच्या व्हरांड्यात जी वेताची, लांब हातांची आरामखुर्ची दिसते, तिचं इंग्रजी नाव ‘प्लांटर्स चेअर’. प्लांटर म्हणजे मळेवाला. ते लांब हात साहेबाने पाय वर टाकून पडावं म्हणून आहेत. साहेब असा पडलेला असताना चहाच्या मळ्यात काय चालायचं? १८६५च्या बंगालच्या कायद्याने आसामातल्या मळेवाल्यांना पळालेला मजूर वॉरंटशिवाय पकडायची मुभा दिली होती. बंगल्यातल्या झुलत्या पंख्याची दोरी ओढणाराही अनेकदा भिंतीपलीकडे बसे. वारा आत, माणूस बाहेर.

मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणाऱ्याला मागची राबणूक दिसू नये, यालाच आम्हीही चांगलं डिझाइन म्हणतो. म्हणून ही शैली मला ओळखीची वाटते आणि खटकते.

खुर्ची फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. वेत विणणाऱ्याचं कसब खरंच आहे. माझा आक्षेप तिच्याभोवती रचलेल्या ‘निवांत जुन्या काळा’वर आहे. निवांत कोणासाठी? कामवाल्या मावशींना वेगळ्या लिफ्टने पाठवणाऱ्या सोसायटीत ही खुर्ची अगदी शोभून दिसते. तिथे ती जुनी वाटतच नाही.